नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि टाकीभर डायनो: एका रीफ टँकचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही रीफ टँक, म्हणजे कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, माझी नाही, एका मित्राची. तिच्यात डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशी सूक्ष्म जिवांनी ताबा घेतला, त्याची ही गोष्ट. त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं गाळलंय पण आकडे त्याच्या वहीतले आहेत, जसेच्या तसे. हो, तो वही ठेवतो, रोज लिहितो, आणि त्या वहीमुळेच नंतर मागे जाऊन बघता आलं की नेमकं कुठे घसरलं, नाहीतर "बिघडली बुवा टाकी" एवढंच हाती राहिलं असतं.

टाकी १२० बाय ५० बाय ५० सेंटीमीटर, खाली संप (यंत्रं ठेवायची जोड-टाकी), दगड-वाळूची जागा वजा करून खरं पाणी साधारण ३०० लिटर. हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा, डोसच्या हिशोबात परत लागेल. दगड सगळा ड्राय रॉक, म्हणजे कोरडा पांढरा, समुद्रातली जिवंत वस्ती त्याच्यावर काहीच नाही, बाटलीतल्या बॅक्टेरियावर सायकल केलेला (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसवलेला). मासे चार, क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक छोटा रॅस. कोरलमध्ये अ‍ॅक्रोपोराचे ४ फ्रॅग (तोडून लावलेले छोटे तुकडे), २ मॉन्टिपोरा, एक हॅमर आणि थोडे झोआ. टाकीचं वय ८ महिने.

त्याला अ‍ॅक्रोपोरा वाढवायचे होते आणि डोक्यात पक्कं बसलेलं की अ‍ॅक्रोपोरा म्हणजे पाणी एकदम चकाचक. म्हणून ३०० लिटरवर ६०० लिटरवाला स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र), रिअ‍ॅक्टरमध्ये फॉस्फेट शोषणारं फेरिक ऑक्साइड, संपमध्ये किटोमॉर्फा शेवाळ, आणि वर रोज डोसरने (ठरलेलं माप आपोआप ओतणाऱ्या पंपाने) व्हिनेगर. व्हिनेगरचं गणित असं की बॅक्टेरियाला कार्बन मिळाला की ते भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे खाण्या-विष्ठेतून पाण्यात साचणारी खतं, अंगात घेतात आणि मग स्किमर त्यांनाच बाहेर काढतो. पद्धत चांगली आहे, मी स्वतः वापरलीय, पण ती भरपूर मासे आणि भरपूर खाणं असलेल्या टाकीसाठी. इथे चार मासे चिमूटभर खाणार आणि चार यंत्रणा ते उपसणार!

काय दिसलं

सहाव्या महिन्यात वहीत नायट्रेट ० आणि फॉस्फेट ० आलं, त्याने शेजारी स्माइली काढलाय. सातव्या महिन्याच्या शेवटी वाळूवर तपकिरी पापुद्रा दिसायला लागला. मग दगडांवर आणि अ‍ॅक्रोच्या टोकांवर शेंबडासारखे तपकिरी धागे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी लाइट लागायच्या आधी टाकी बऱ्यापैकी साफ, दुपारपर्यंत परत सगळं माखलेलं. आणि गोगलगायी मरायला लागल्या, ट्रोकस जातीच्या आधी, उलट्या पडायच्या आणि परत उठायच्याच नाहीत. अमोनिया शून्य, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात भाग), तापमान २५.५, सगळं कागदावर उत्तम.

गोगलगाय मरतेय आणि टेस्ट सगळ्या ठीक हे दोन्ही एकत्र आलं तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.

मला फोन यायच्या आधी

त्याने जे केलं ते कोणीही केलं असतं. घाण दिसतेय ना, मग साफ करा. वाळू सायफन केली, दगड ब्रशने घासले, तीन आठवडे दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं. प्रत्येक पाणीबदलानंतर दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त. वहीत हे तीनदा लिहिलेलं आहे, तीनदा, तरी त्याला तेव्हा दिसलं नाही, मलाही दिसलं नसतं कदाचित.

मग दुकानात फोटो दाखवला, तिथे सांगितलं सायनो आहे, म्हणून सायनोवरचं अँटिबायोटिक पावडरचं औषध टाकलं. सायनो हा बॅक्टेरिया आहे, त्याच्यावर ते चालतं. हे सायनो नव्हतंच, त्यामुळे ह्याच्यावर शून्य परिणाम, वर स्किमर दोन दिवस फेस ओकत राहिला, आणि चौथ्या दिवशी जे काही टाकीत होतं त्याने अक्षरशः ताबा घेतला. माझा अंदाज असा की औषधाने जागेसाठी भांडणारे उरलेसुरले बॅक्टेरिया मारले आणि मैदान मोकळं झालं. अंदाजच आहे, पण औषधानंतर उसळलं हे वहीत स्पष्ट आहे.

त्या रात्री त्याचा मेसेज आला, "दादा, सोडून द्यावंसं वाटतंय, एकदा येऊन बघ ना."

ओळख पटवणं

जाताना दोन गोष्टी नेल्या, कॉफी फिल्टरचा कागद आणि मुलाचा शाळेतला मायक्रोस्कोप, ४०० पट दाखवणारा.

कागदाची टेस्ट सोपी आहे. ड्रॉपरने ते धागे थोड्या पाण्यासकट ओढून घ्यायचे, झाकणाच्या बाटलीत जोरात हलवायचे म्हणजे गोळे फुटतात, मग कागदातून गाळायचं आणि खाली आलेलं जवळपास स्वच्छ पाणी काचेच्या ग्लासात लाइटखाली ठेवायचं. डायनोफ्लॅजेलेट असतील तर त्यांच्या सुट्या पेशी कागदातून निसटलेल्या असतात आणि तासाभरात परत एकमेकांना चिकटून धागे करतात. आमच्या ग्लासात ४० मिनिटांत धागा तयार. मित्र ग्लासाकडे बघतच बसला.

पण डायनो आहेत एवढं कळून भागत नाही, कुठले ते कळलं पाहिजे कारण उपाय जातीप्रमाणे बदलतो. मायक्रोस्कोपखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या, एका टोकाला निमुळत्या, आणि त्या टोकाला दोरीने बांधल्यासारख्या एकाच जागी गोल गोल फिरणाऱ्या. हे ऑस्ट्रिऑप्सिस. एकदा ते फिरणं बघितलं की परत विसरत नाही माणूस.

ऑस्ट्रिऑप्सिसबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ते विषारी असतं, त्यातले काही प्रकार पॅलिटॉक्सिनच्या कुळातली रसायनं बनवतात, गोगलगायी मरत होत्या त्या ह्याच्यामुळे असाव्यात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला तेव्हा समुद्राचे तुषार श्वासात गेल्याने २०० च्या आसपास लोक आजारी पडले होते, ताप, खोकला, श्वासाचा त्रास. म्हणून त्या दिवसापासून ग्लोव्ह्ज, चष्मा, आणि सायफन तोंडाने ओढायचा नाही हे तीन नियम. दुसरी गोष्ट, रात्री त्याच्या बऱ्याच पेशी दगड सोडून पाण्यात तरंगतात. ही त्याची सवय आपल्या फायद्याची आहे, ती पुढे येईल.

इथे मी एक चूक केली आणि ती पाच आठवड्यांनी कळली. नमुना मी फक्त दगडावरून आणि कोरलवरून घेतला. वाळूवरचा पापुद्राही तसाच तपकिरी होता म्हणून म्हटलं तेच असणार.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय टाकी फोडून नव्याने सुरू करायची. मित्र ह्याच्याच बाजूने होता. पण परत तोच ड्राय रॉक, तेच चार मासे, तोच स्किमर, तर परत तिथेच पोचलो असतो.

दुसरा, नुसता तीन दिवस ब्लॅकआउट, म्हणजे टाकी पूर्ण अंधारात. पुष्कळ जण हेच करतात आणि चौथ्या दिवशी टाकी सुंदर दिसते, दहाव्या दिवशी सगळं परत येतं, कारण उपाशी पाणी तसंच राहतं. तिसरा, हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्केवालं रोज ४० लिटरला १ मिली, म्हणजे आपल्याला साडेसात मिली. काहींना गुण आलाय, पण ते डायनो आणि बाकीचे बारीक जीव ह्यांत फारसा भेदभाव करत नाही आणि आपल्याला तर ते बारीक जीव वाढवायचे होते. बाजारातल्या शेवाळमारक औषधांना मी त्याच कारणाने नको म्हटलं, एकदा औषधाने हात पोळलेलेच होते.

चौथा, जो घेतला तो, पाण्यात खाणं वाढवायचं म्हणजे डायनोंचे प्रतिस्पर्धी उभे राहतील आणि ते उभे राहीपर्यंत यूव्हीने (पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवून) डायनोंची संख्या दाबून धरायची.

मित्राला हे पटवायला एक संध्याकाळ गेली. घाण झालेल्या टाकीत खत टाकायचं? मी म्हटलं, अरे टेस्ट जे दाखवते ते पाण्यात उरलेलं असतं, किती आलं आणि किती खर्च झालं ते नाही दाखवत, महिन्याच्या शेवटी खिशात शून्य आहे म्हणजे पगार किती ते थोडंच कळतं. पाण्यात काहीच शिल्लक नसतं तेव्हा साधं हिरवं शेवाळ, डायटम (सिलिकेच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ), बॅक्टेरिया सगळे मागे पडतात, पण डायनोंचे कितीतरी प्रकार प्रकाशावरही जगतात आणि दुसऱ्या जिवांना खाऊनही जगतात. बाकी सगळे उपाशी मरतात तिथे हे तगून राहतात.

त्याने लगेच रेडफिल्डचा तक्ता काढला. अल्फ्रेड रेडफिल्डने १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांमध्ये (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांमध्ये) नायट्रोजन-फॉस्फरसचं जे प्रमाण मांडलं ते पुढे १६ ला १ म्हणून रूढ झालं, टेस्ट किटच्या भाषेत वजनाने नायट्रेट-फॉस्फेट साधारण १० ला १. मी म्हटलं तो तक्ता ठेव बाजूला, ते प्लवकांच्या अंगातलं प्रमाण आहे, टाकीचं टार्गेट नाही, आपल्याला दोन्ही आकडे शून्याच्या वर ठेवायचेत, बस. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम (दशलक्षात भाग) असं ठरलं.

काय केलं

पहिल्या दिवशी फेरिक ऑक्साइडचा रिअ‍ॅक्टर बंद, किटोमॉर्फावरचा लाइट बंद. व्हिनेगर मात्र एकदम नाही तोडलं, आठवडाभरात उतरवत शून्यावर आणलं, कारण त्याच्यावर पोसलेले बॅक्टेरिया एका झटक्यात मेले तर ती वेगळीच डोकेदुखी. स्किमर चालू ठेवला, ऑक्सिजनसाठी. विष शोषायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, दर चार दिवसांनी नवा. पाणीबदल पूर्ण बंद, हे त्याला सगळ्यात जड गेलं.

नायट्रेटसाठी शुद्ध सोडियम नायट्रेट. त्यात वजनाच्या साधारण ७३ टक्के नायट्रेट असतं. ८२ ग्रॅम विरघळवून एक लिटर आरओडीआय (क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्याचं द्रावण केलं की त्याच्या ५ मिलीने ३०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढतं. रोज साडेसात मिली टाकायचो. सातव्या दिवशी नायट्रेट ६ वर येऊन थांबलं, मग डोस कमी केला.

फॉस्फेटने छळलं. ट्रायसोडियम फॉस्फेट, पाण्याचे १२ रेणू असलेलं, त्यात फॉस्फेट फक्त २५ टक्के. लिटरला २.४ ग्रॅमचं द्रावण, १० मिली म्हणजे ०.०२ पीपीएम. रात्री टाकायचं, सकाळी टेस्ट केली की शून्य. परत टाका, परत शून्य. ड्राय रॉक आणि अ‍ॅरागोनाइटची वाळू फॉस्फेट स्वतःला चिकटवून घेतात, त्यांचं पोट भरेपर्यंत पाण्यात काही दिसत नाही. चौथ्या दिवसापासून ०.०४ दिवसातून दोनदा केलं, आणि नवव्या दिवशी हॅना कंपनीच्या फॉस्फरस चेकरवर १२ पीपीबी (अब्जात भाग) आलं. तो चेकर फॉस्फरस दाखवतो, फॉस्फेट नाही, ३.०६६ ने गुणायचं, म्हणजे ०.०३७ पीपीएम. हा गुणाकार विसरून लोक तिप्पट डोस टाकतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता यूव्ही. २५ वॅटचं घेतलं आणि भांडण झालं ते कुठे लावायचं ह्यावर. मित्राला संपमध्ये हवं होतं, पाइप लपतात, दिसायला बरं. पण डायनो वरच्या टाकीत आहेत आणि संपमध्ये ओव्हरफ्लोने जाईल तेवढंच पाणी जातं. म्हणून वरच्या टाकीतूनच ओढायचं आणि वरच सोडायचं, तासाला टाकीच्या दुप्पट पाणी जाईल एवढा फ्लो. काचेवर दोन ओंगळ पाइप लोंबत होते दोन महिने, असोत.

दहाव्या दिवशी, दोन्ही आकडे शून्याच्या वर आल्यावर, तीन दिवस ब्लॅकआउट. टाकीला सगळीकडून काळा कागद, एअर स्टोन जादा, यूव्ही २४ तास. अंधारात ऑस्ट्रिऑप्सिस जास्तीत जास्त पाण्यात येतं आणि यूव्हीतून जातं, हाच सगळा डाव.

डाव साधला पण डोसर राहिला. अंधारात कोरल वाढत नाहीत, अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणारे पाण्यातले कार्बोनेट क्षार) खातच नाहीत फारशी, आणि ती देणारा डोसर आपला रोजच्या हिशोबाने ०.६ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) ओततोय. कागद काढला तेव्हा अल्कलिनिटी ८.२ ची ९.८ झालेली. आधीच उपाशी, अशक्त अ‍ॅक्रोपोरा, त्यात ही उडी, दोन दिवसांत टोकं पांढरी. दोन फ्रॅग गेले. हे डायनोंनी नाही मारले, हे आम्ही मारले, आणि ब्लॅकआउटची यादी मी बनवली होती तर खरं म्हणजे मी मारले. पाण्याचा, हवेचा, यूव्हीचा विचार केला आणि डोसर भिंतीवर टिकटिक करत होता तो दोघांच्याही नजरेतून सुटला.

दुसरी लाट

ब्लॅकआउटनंतर दगड साफ. धागे नाहीत, मरणाऱ्या गोगलगायी थांबल्या, काचेवर हिरवी पावडर यायला लागली. मित्र पार्टीच्या मूडमध्ये. पण वाळू तपकिरीच, आणि आठवड्याला थोडी जास्तच. त्याला वाटलं डायटम, मलाही वाटलं डायटम, आणि दोन आठवडे आम्ही तसेच बसलो.

पाचव्या आठवड्यात एकदाचा वाळूवरचा नमुना मायक्रोस्कोपखाली घेतला. मोठ्या, लंबगोल चपट्या पेशी, एका बाजूला चोचीसारखं टोक, धाग्याबिग्याला न बांधलेल्या, आरामात सरकत चाललेल्या. अ‍ॅम्फिडिनियम. ही जात वाळूतच राहते, पाण्यात फारशी येतच नाही, म्हणून यूव्हीचा हिला काही फरक पडत नाही. ती बहुतेक पहिल्यापासून होती, ऑस्ट्रिऑप्सिसच्या आड, मी बघितलंच नव्हतं.

इथे परत निर्णय. वाळू सगळी काढून टाकायची की थांबायचं? वाळू काढणं मोहाचं होतं, पण बरेच बारीक जीव त्याच वाळूत असतात, ते घालवायचे नव्हते. आम्ही सिलिकेटचा रस्ता घेतला. डायटमच्या कवचाला सिलिका लागते, डायनोंना तिचा तसा उपयोग नाही, त्यामुळे सिलिका दिली की त्याच वाळूवर डायटम वाढून जागा अडवतात. हा हौशी लोकांच्या अनुभवातून आलेला उपाय आहे, प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही, हे मित्राला आधीच सांगितलं. सोडियम सिलिकेटचं द्रावण थोडं थोडं देऊन सिलिका १ पीपीएमच्या आसपास ठेवली, वेगळ्या चेकरने मोजून.

वरून बघितलं तर काहीच कळत नाही हा ह्यातला वैताग, आधी तपकिरी वाळू आणि नंतरही तपकिरी वाळू. मित्र म्हणाला, "दादा, आपण पाण्यात पैसे ओततोय का?" म्हणून दर रविवारी वाळूचे तीन नमुने, पुढून, मागून, दगडाखालून, आणि एका नजरेत किती अ‍ॅम्फिडिनियम आणि किती होडीच्या आकाराचे सोनेरी डायटम ते मोजायचं. पहिल्या रविवारी २० ला १, अर्थात डायनो २०. तिसऱ्या रविवारी जवळपास निम्मे-निम्मे. पाचव्या रविवारी डायनो शोधावे लागत होते. त्याच काळात जुन्या, चांगल्या चालणाऱ्या टाकीतला मूठभर दगडाचा चुरा आणि कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) आणून टाकले. चुरा आधी आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आणि खेकडे तपासले, कारण एक संकट घालवताना दुसरं आणायचं नव्हतं.

निकाल

पहिल्या भेटीपासून साधारण ११ आठवडे. अ‍ॅक्रोपोराचे ४ पैकी २ गेले, तिसरा अर्धा वाचला आणि आता बुंध्यातून परत चढतोय. दोन्ही मॉन्टिपोरा, हॅमर, झोआ टिकले. मासे चारही ठणठणीत. गोगलगायी १८ होत्या, ५ उरल्या. शेवटच्या नोंदीत नायट्रेट ८, फॉस्फरस २६ पीपीबी म्हणजे फॉस्फेट ०.०८, अल्कलिनिटी ७.८. काच दर तीन दिवसांनी पुसावी लागते, पूर्वी दहा दिवसांत एकदा पुसायचा, त्याची तक्रार चालू असते.

परत करायची वेळ आली तर

मायक्रोस्कोप पहिल्या तपकिरी डागाला, औषधाच्या आधी, आणि नमुने पहिल्याच दिवशी वाळू, दगड, काच तिन्हीकडून. एवढं केलं असतं तर सिलिकेट पाच आठवडे आधी सुरू झालं असतं.

ब्लॅकआउटची यादी लाइटपासून न करता डोसरपासून करेन. अंधाराच्या आदल्या रात्री अल्कलिनिटी मोजायची, डोस पाव करायचा किंवा सरळ बंद, आणि कागदाची एक कड उचलून रोज मोजायचं. टाकी उपाशी असेल तर त्याच्याही आधी अल्कलिनिटी ७.५ च्या आसपास आणून ठेवेन, समुद्रात ती ७ च्या जवळपासच असते, नऊ-दहाचा हट्ट खाणं भरपूर असलेल्या टाकीत परवडतो.

फॉस्फेटचा डोस मी भीत भीत वाढवला, चार दिवस त्यात गेले. ड्राय रॉक असेल तर ते शोषणार हे माहीत असून. पण ह्याबाबतीत मला अजून खात्री नाही, जोरात टाकलं असतं आणि दगडाने नसतं शोषलं तर हेच प्रकरण मी केसाळ शेवाळावर लिहीत असतो.

ब्लॅकआउट करायलाच हवा होता का, ह्यावर आम्हा दोघांचं अजून जमत नाही. त्याचं म्हणणं यूव्ही आणि खत एवढ्यानेच ऑस्ट्रिऑप्सिस गेलं असतं, तीन-चार आठवडे जास्त लागले असते पण अ‍ॅक्रो वाचले असते. माझं म्हणणं तेवढे आठवडे विष पाण्यात राहिलं असतं तर उरलेल्या गोगलगायी आणि कदाचित तेच अ‍ॅक्रो गेलेच असते. सध्या यूव्ही चालूच आहे, पाइप मात्र त्याने मागच्या कोपऱ्यात वळवलेत, आणि व्हिनेगरची बाटली डोसरच्या शेजारी तशीच उभी आहे. परवा विचारत होता, आता मासे वाढवतोय तर थोडंसं परत सुरू करू का. मी म्हटलं आधी रविवारचा नमुना दाखव.